भिंगरीचं पटांगण

भिंगरीला मी कधी चालताना पाहिलंच नाही. सकाळी ती बापाबरोबर भाजीच्या वाडीतल्या वांग्यांना पाणी द्यायची आणि शाळेची घंटा ऐकू आली की तिथून जी सुटायची, ती थेट वर्गाच्या दारात येऊन थांबायची. पायाला ओली माती, वेणी अर्धी सुटलेली. तिचं नाव कमल. पण हजेरी घेताना हेडमास्तरांच्या तोंडूनही कधी कधी ‘भिंगरी’ निघून जायचं आणि ती खुशाल ‘हजर’ म्हणायची.

सोनाळ्याच्या आमच्या शाळेपुढचं मैदान तेव्हा मुलांचं होतं. आम्ही मुली सुट्टीत भिंतीला टेकून चिंचा खात बसायचो. सातवीत असताना भिंगरी एक दिवस उठली आणि सरळ हेडमास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. तिच्या मागे मी, तिच्या परकराचा काठ धरून.

“सर, पोरींनं कुठं खेयाचं?”

सर गडबडले. “मागच्या अंगाला जागा आहे. पण तिथं गोटे फार. पडाल.”

“मंग गोटे येचतो.”

आणि खरंच तिनं आम्हा सगळ्याजणींना कामाला लावलं. हिवाळाभर आम्ही शाळा भरायच्या आधी येऊन गोटे वेचत होतो. हात थंडीनं फुटायचे, पण कुणी घरी राहिली नाही. शेवटी सरांनी स्वतः चुना आणून खो-खोचं मैदान आखलं, तेव्हा भिंगरी त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसली होती.

गावात कुजबुज झालीच. पारावरच्या एका आजोबांनी तिच्या पळण्यावरून बापाला हटकलं, “पोरगी लई पयते तुही. बरं दिसत नाई.”

बापानं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. “वाडीत वाकून राबते ते बरं दिसते ना तुमाले? मंग हेबी पाहून घ्या.” आणि टोपली उचलून तो पुढे निघाला.

पुढच्या वर्षी आम्ही शेगावला सामन्यांना गेलो. गावाबाहेर अशा पहिल्यांदाच निघालेल्या मुली आम्ही. तिथल्या मुलींच्या पायात कॅनव्हासचे बूट पाहून मी माझे अनवाणी पाय परकराखाली ओढून घेतले. भिंगरी म्हणाली, “बूट पाहू नको. त्याईची पाठ पाह्य, खांबाले कोन्या अंगानं वळतात ते पाह्य.” त्या दिवशी ती अशी धावली की समोरच्या मुलींचे गुरुजीसुद्धा टाळ्या वाजवू लागले. आम्ही जिंकलो. येताना एस्टीत गाणी म्हणून म्हणून आमचे आवाज बसले.

पुढे ती ट्रेनिंग करून मास्तरीण झाली. देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यात तिला नोकरी लागली. तिकडची बोली वेगळी. दिवाळीत आली की सांगायची, “मी ‘मले’ म्हनतो तं तिथले पोरं हासतात. हासू दे. पोरी पयाले लागल्या पाह्य.” मीही तोवर आमच्याच शाळेत शिकवू लागले होते.

एका पावसाळ्यात तिकडे विषमज्वराची साथ आली. आजारी मुलींच्या घरी भिंगरी रोज जात राहिली आणि मग तीच अंथरुणाला खिळली. बाप तिला आणायला गेला, तेव्हा सगळं संपलं होतं.

मागच्या पटांगणाला तिचं नाव द्यायचं गावानं ठरवलं. मधोमध चबुतरा बांधून त्यावर तिचा फोटो बसवावा, असं सरपंचांच्या मनात होतं. सभेला तिचा बाप आला होता. तो हळू आवाजात म्हणाला, “मधात काई नोका बांधू. पोरी पयतीन कुठून?” नावाची फरशी भिंतीत बसवायचं ठरलं.

समारंभाच्या दिवशी निम्मं गाव लोटलं. आमच्या जुन्या संघातल्या मुली लेकरं काखेत घेऊन सासरहून आल्या होत्या. सरपंचांचं भाषण लांबत चाललं आणि रांगेतल्या मुलींची चुळबुळ वाढली. शेवटी हेडमास्तरांनी शिट्टी काढून जोरात फुंकली. भाषण तिथंच राहिलं. मुली उधळल्या, धुरळा उडाला. मग आम्हालाही राहवेना. काखेतली लेकरं आज्यांकडे गेली, पदर खोचले गेले आणि आम्हीही मैदानात उतरलो. गाव हसत होतं, ओरडत होतं, पुढे सरकत होतं.

दम लागून मी कडेला आले, तर तिथे भिंगरीची आई बसलेली. पोरगी गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. लेकीचा खेळही तिनं कधी पाहिला नव्हता. तेव्हा वाडी सोडून यायला तिला सवड नसायची. आता तिची नजर मैदानावर एका बारक्या, सावळ्या मुलीच्या मागे मागे फिरत होती.

“ते कोनाची वं?”

मी नाव सांगितलं. ती मुलगी खांबाला झपकन वळली आणि हुलकावणी देऊन निसटली. म्हातारीनं माझा हात घट्ट धरला.

“तिच्या मायले सांगजो,” ती म्हणाली, “पयू दे म्हना तिले.”