रुमालाला फुंकर

बशीतल्या चहावर फुंकर घालायला मी आज पुन्हा ओठांचा चंबू केला. चहा ढिम्म हलला नाही. गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडला. घशाचा कॅन्सर रेडिएशननंतर परत आला, तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता माझा श्वास गळ्याच्या भोकातून ये-जा करतो. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त माझ्या ओठांना कुणी कळवलेलं नाही.

"अहो, रुमालाला कशाला फुंकर? तो गारच आहे," बायको म्हणाली.

मी बिनआवाजी हसलो. पण मन थाऱ्यावर नाही. उद्या तपासणी. आजार एकदा परतून आलाय, म्हणजे त्याला घर माहीत आहे. सकाळपासून बोटं मानेवर गाठ शोधत फिरताहेत. खरचटलेल्या गुडघ्यावरची फुंकर आग शमवते, चुलीतली फुंकर आग पेटवते. काळजीवर घातली तर काय होतं, कोण जाणे.

पाटीवर लिहिलं, 'उद्या काय निघेल गं?'

तिने वाचलं. बशी स्वतःकडे ओढली, ओठ पुढे काढले. तिचं स्वरयंत्र तर शाबूत आहे, तरी बराच वेळ तिचीही फुंकर निघाली नाही.