चांदणीची गळकी झूल

आधी हातातला कप खाली ठेवा. हो, ठेवाच! नाहीतर मध्येच हसाल आणि सोफ्यावर चहा सांडाल. सोफा नवा आहे. आता जे सांगणार आहे त्यात मी पूर्ण शुद्धीत, चार माणसांदेखत, स्वतःचा असा काही पोपट करून घेतलाय की गव्हाणच्या बायका अजून मला बघितलं की तोंडाला पदर लावतात.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. गॅसवर दूध ठेवलंय आणि दारावरची बेल वाजली, की माणसाचं जसं होतं ना, तसं माझं दिवसभर होत असतं. आमचे हे अगदी उलट. घराला आग लागली तरी आधी पेपराची नीट घडी घालतील, मग चष्मा शोधतील, मग विचारतील, "कुठे लागलीय?"

तर माझा धाकटा भाऊ दत्ता. गव्हाणला राहतो, आमचं माहेरच ते. त्याला घोड्यांचं भारी वेड. पांढरीशुभ्र घोडी आहे त्याच्याकडे, चांदणी. लग्नाच्या मोसमात पनवेलपासून उरणपर्यंत तिला मागणी. नवरदेव कसाही असो हो, चांदणीवर बसला की राजबिंडा दिसायला लागतो! दत्ता तिला घोडी म्हणतच नाही. 'आमची धाकटी' म्हणतो.

थोरली म्हणजे माझी भाची. ती असते मस्कतला. तिचं बाळंतपण आलं ऐन पावसाळ्यात. दत्ता आणि वहिनी निघाले. निघताना दत्ता माझ्या हातात तबेल्याची किल्ली देत म्हणाला, "ताय, थोरलीकडं आमी चाललो. धाकटी तुझ्याकडं सोपवली."

चारापाण्याला शेजारचे तुकारामकाका होते. मी फक्त अधूनमधून जाऊन बघायचं, एवढंच. पण मी आणि 'एवढंच'? रोज सकाळी ह्यांना उठवून, गाडीत घालून गव्हाणला.

आणि मग एका वादळी पावसात तबेल्याचा एक पत्रा उडाला. बरोबर चांदणीच्या डोक्यावरचा!

मी लगेच मस्कतला फोन लावला. इतकी घाबरले होते की दत्ताला वाटलं, घरातलं कोणी गेलं.

"पत्रा होय!" तो म्हणाला. "मंग सावकाश बसव. तवर तिला पावसाची येक झूल घाल. पाठ भिजाया नको, बस."

झूल म्हणजे काय, घोड्याच्या पाठीवर टाकायचं पांघरूण. पावसाची असेल तर पाणी न शिरणारं. आता यात कठीण काय आहे? काहीच नाही. दुसरं कोणी असतं तर अर्ध्या तासात झूल घेऊन घरी आलं असतं.

मी गेले पनवेलच्या बाजारात इरफानभाईंच्या दुकानात. ताडपत्र्या, तंबू, दोर, रेनकोट असलं सगळं मिळतं तिथे. चांगला माणूस. मी ओढणीला गाठी मारून चांदणीचं छातीपासून शेपटीपर्यंतचं माप घेऊन गेले होते. ते बघून म्हणाले, "माशाल्ला, पूरी तयारी करून आलात ताई!" आणि त्यांनी एक पातळ, हलकी झूल समोर टाकली. आतून सुती जाळी, वरून रबरी कापड.

मी ती उजेडासमोर धरली. चुरगळून बघितली. "ही फारच पातळ आहे हो."

"घोड्याला पातळच बरी ताई."

"पण आमच्याकडचा पाऊस बघितलाय ना तुम्ही? आडवा येतो!"

त्यांनी दुसरी काढली. तिची शिवण मला पटेना. तिसरीचे पट्टे पटेनात. चौथीचा रंग. "रंगाचं काय करायचंय घोडीला?" आमच्या ह्यांनी विचारलं. मी त्यांना बाहेर जाऊन पेपर वाचायला सांगितलं.

तेवढ्यात मला माळ्यावर एक झूल दिसली. अहाहा! काळीभोर, जाडजूड, आतून गादीसारखी गुबगुबीत. पोटाखालून पट्टे, छातीला पितळी कड्या, मानेला झाकायला वेगळी टोपी. परदेशी माल!

"ती दाखवा."

इरफानभाईंचा चेहरा पडला. "ताई, ती नका घेऊ. ती बर्फाच्या मुल्कातली आहे. बंदराकडच्या द्रोणागिरीच्या गोदामातनं एका लॉटमध्ये चुकून आली माझ्याकडे. इथं कोणी घेत नाही."

आता बघा हं. त्या माणसाने किती स्वच्छ सांगितलं होतं! पण माझ्या कानात शिरलं काय? बर्फ!

"म्हणजे बर्फातसुद्धा टिकते?"

"टिकते ताई, पण..."

"जी बर्फात टिकते ती गव्हाणच्या पावसात टिकणार नाही? द्या बांधून!"

"जड पडेल तिला."

"इरफानभाई, ती नवरदेव उचलते हो!"

शेवटी बिचाऱ्याने दिली बांधून.

त्या दिवशी संध्याकाळी चांदणीला ती झूल घातली. सगळे पट्टे आवळले, कड्या लावल्या, मानेची टोपीसुद्धा चढवली. नुसते डोळे, कान आणि नाक बाहेर. तुकारामकाका लांबून बघून म्हणाले, "घोडी हाय का अंतराळवीर?" पण मला इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू! कधी नव्हे ती स्वस्थ झोपले.

सकाळी गेले, झुलीखाली हात घातला, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. चांदणी चिंब! अंगावरून अक्षरशः ओघळ वाहत होते.

"काका! झूल गळतेय!"

तुकारामकाकांनी हात घालून बघितला. "व्हय गं. लय गलतंय."

बघा, दोघांचं एकमत झालं. इथेच घोटाळा झाला. एकानेही 'का' म्हणून विचारलं असतं तर मी आज तुम्हाला हे सांगत बसले नसते. पण आम्ही दोघांनी काय केलं? झुलीवरून एक प्लास्टिकची ताडपत्री टाकली आणि दोराने करकचून बांधली. आता बघू पाणी कुठून शिरतं!

दुसऱ्या दिवशी चांदणी आणखी ओली.

मी माणसं लावून छपराच्या भोकावरही ताडपत्री अंथरली. आता वरून थेंब यायची सोय नव्हती. तरी घोडी ओली! मग ही ओल येते कुठून? तुकारामकाका म्हणाले, "हवेतनं शिरत असंल. खाडीचं वारं हाय." मला ते पटलंसुद्धा! म्हणजे माझी अवस्था काय झाली असेल बघा.

त्यात चांदणीने चारा सोडला. मान खाली घालून उभी, नाकपुड्या फुगलेल्या, अंग गरम. पाय सारखे आपटत होती. मला वाटलं, भिजून भिजून ताप आला हिला! मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते उरणच्या बाजूला अडकले होते. म्हणाले, "संध्याकाळी येतो. तोवर घोडी कोरडी ठेवा."

कोरडी ठेवा! अहो, तेच तर चाललंय माझं! मी धावत दत्ताच्या घरात गेले, वहिनीची जाड गोधडी काढली आणि झुलीच्या आत, चांदणीच्या पाठीवर घातली. आत गोधडी, मध्ये बर्फातली झूल, वरून ताडपत्री. गव्हाणच्या दमट हवेत! लिहून ठेवा, पोटच्या पोरीचा इतका छळ कोणी केला नसेल.

नेमका तेव्हाच दत्ताचा व्हिडिओ कॉल.

"ताय, मुलगी झाली! तू आजी झालीस! धाकटी कुठं? दाव ना तिला."

मी आनंदाने रडायचं की भीतीने, तेच कळेना. मी फोन चांदणीच्या एका कानाजवळ नेला. फक्त कान.

"मस्त हाय ना?"

"एकदम मस्त!" मी म्हणाले, आणि फोन ठेवून तिच्याच गळ्यात पडून रडले. ती फुरफुरली. मला वाटलं, मला धीर देतेय. आता वाटतं, ती दुसरंच काहीतरी म्हणत असावी.

मग मात्र माझा सगळा राग वळला इरफानभाईंवर. ह्यांना तिथेच ठेवलं, गाडी स्वतः चालवत पनवेल गाठलं आणि भर गिऱ्हाइकांत त्यांना धरलं.

"इरफानभाई, गळकी झूल दिलीत तुम्ही मला! घोडी मरायला टेकलीय माझी!"

सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. इरफानभाईंचा चेहरा लालबुंद झाला. "ताई, वालिदसाहेबांच्या, म्हणजे अब्बांच्या वेळेपासून या गल्लीत बसलोय. आजवर कोणी मला 'गळकं' नाही म्हटलं. चला, मी येतो. माझ्या समोर एक थेंब आत आला तर ती झूल मी तिथंच जाळतो."

आले! दुकान नोकरावर टाकून माझ्या गाडीत बसून गव्हाणला आले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

तबेल्यापाशी पोचलो तर पावसाने उघडीप दिलेली. गावातल्या आठ-दहा बायका, दोन-तीन म्हातारे जमलेले. तुकारामकाकांनी बातमी फिरवली होती. इरफानभाईंनी झूल सोडवली, उलटीसुलटी केली, शिवण अन् शिवण तपासली. "ताई, हिला भोक नाही."

"मग पाणी येतं कुठून?"

"ते मला पण नाही समजत."

"थांबा," मी म्हटलं. "तुम्हाला डोळ्यांनीच दाखवते. ही घाला माझ्या अंगावर, आणि वरून पाणी सोडा."

"अगं, काहीतरीच काय?" हे म्हणाले.

"काहीतरीच नाही! चांदणीला होती तश्शी घाला. गोधडी, झूल, ताडपत्री, सगळं! नंतर कोणी म्हणायला नको की मी वेगळीच घातली."

मी चाऱ्याच्या गव्हाणीच्या दगडी कठड्यामागे वाकून उभी राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पाठीवर गोधडी आली. त्यावर झूल आली. पट्टे आवळले. मानेची टोपी डोक्यावरून ओढली. वरून ताडपत्री. आत मिट्ट काळोख, आणि घोडीचा असा भपकारा की विचारू नका. बाहेरून आवाज येत होते, "नली हिकडं आना", "मोटर चालू करा", "धरा, धरा". मी जिवाचे कान करून उभी. आता एक थेंब पडू दे, की इरफानभाईंना दाखवतेच.

आणि पडला! मानेवर. मग पाठीच्या कण्यावरून एक ओघळ सरकला. मग कपाळावरून डोळ्यांत. बघता बघता मी नखशिखांत ओली. साडी अंगाला चिकटली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी माझंच खरं ठरलं!

"गळतंय!" मी आतून ओरडले. "इरफानभाई, गळतंय! बंद करा पाणी! बघा, बघा किती गळतंय ते!"

बाहेर सगळं चिडीचूप.

"अहो, ऐकू येतंय का? पाणी बंद करा! बुडतेय मी इथे!"

मग आमच्या ह्यांचा आवाज आला. अगदी शांत. पेपर वाचताना असतो तसा.

"अगं, लाइट गेलीय. मोटर सुरूच झालेली नाही. पाणी अजून आलेलंच नाही."

मला कळायला दोन क्षण लागले. बाहेरच्यांना तेवढेही लागले नाहीत. पहिल्यांदा एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. मग असा काही हशा उसळला की तबेल्याचे उरलेले पत्रे उडतात की काय असं वाटलं! इरफानभाई, जे वाटेत एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणत होते, "या अल्ला! पसीना! पसीना आहे तो ताई! बर्फाचा माल आहे, बोललो होतो ना मी!"

आणि त्या हशातून मला दुसरा एक आवाज ऐकू आला. माझ्या डोक्याजवळच, कठड्याच्या पलीकडून. कराकरा, कराकरा. झूल अंगावरून निघाली आणि वाऱ्याची झुळूक लागली तशी चांदणी चाऱ्यावर तुटून पडली होती. ताप नाही, सर्दी नाही, खाडीचं वारं नाही. माझी पोर नुसती उकडून निघाली होती.

"अगं, ये की आता बाहेर," हे म्हणाले.

"लोक गेले की येते," मी आतूनच सांगितलं.

पण लोक कसले जातात? शेवटी यावंच लागलं. केसांतून पाणी गळतंय, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलंय. इरफानभाईंना हात जोडले. भल्या माणसाने एका शब्दाने टोचलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी ती पहिलीच पातळ झूल स्वतः आणून घातली. चांदणी त्यात अशी ऐटीत उभी राहिली, जशी वरातीला निघालीय. डॉक्टर आदल्या संध्याकाळीच येऊन गेले होते. त्यांनी घोडीपेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ बघितलं.

मला वाटलं, संपलं. गावापुरतं राहिलं. मस्कत कुठे, गव्हाण कुठे?

पण तुकारामकाकांकडे मोबाइल आहे हे मी विसरले होते. संध्याकाळी दत्ताचा फोन आला. आवाजात काळजी.

"ताय, काकांनी तबेल्यातला फोटो धाडलाय. तोंड-पाय कठड्यामागं हायत, पन झुलीत नि ताडपत्रीत गुंडाळलेली धाकटी दिसते. खरं सांग, तू तिला खायला काय घालतंस? पार ढोल झालीय गं! ही नवरदेवाला घेऊन पळंल कशी?"

मग म्हटलं, "दत्ता, चांदणी ठणठणीत आहे. फोटोत मी आहे."