साफ असेल तर

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे बँकेत सगळ्यांना माहीत होतं. कॅशच्या खिडकीत आयुष्य गेलं, निवृत्त झाले आणि चंद्रपुरात घरीच जुनी नाणी तपासून द्यायला लागले. लोक आजोबांचा रुपया असा हातावर ठेवतात की जणू खजिनाच. मी भिंग लावते, झीज बघते आणि तोंडावर सांगते, "भंगार आहे." म्हणूनच नागपूरचा एक व्यापारी माझ्या नुसत्या शब्दावर माल घ्यायचा. त्या शब्दाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू!

माझी मासेवाली मूल गावाच्या पुढे एका तलावाकाठी राहते. नवऱ्यानं धरलेले मासे घेऊन दर रविवारी पहिल्या बसनं बाजारात यायची. एका रविवारी तिनं मासे बाजूला सारले आणि मोबाईल पुढे केला.

"बाई, हे जरा पाहून सांगा ना. पोरीनं फोटू काढून देल्ला."

हळदीच्या फडक्यावर इंग्रज राजाच्या छापाचा चांदीचा रुपया. त्यांच्या घरी मूल जन्मलं की पहिल्या आंघोळीच्या पाण्यात तो टाकायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे. बाकी कधी कोणी हात लावला नाही. सालात काही विशेष नव्हतं, असल्या रुपयांच्या माळा आपल्याकडे बायका गळ्यात घालतात. पण ते रुपये झिजून गुळगुळीत झालेले असतात. हा मात्र टाकसाळीतून आला तसाच होता. वर निळसर काळी झाक चढलेली. ती झाक म्हणजेच नाण्याची किंमत. मी फोटो बोटानं मोठा करून पाहिला.

"विकायचा आहे?"

"हो ना. आमचा माणूस सूरजागडच्या खानीवर जातो म्हन्ते, लोखंडाच्या ट्रकवर. पुढच्या सोमवारी निंगते. डोंगा सडला त्याचा, मासे धराची नाव, अन् जंगलवाले लाकूड तोडू देत नाई. पत्र्याचा डोंगा झाला तं तो कायले जाते? तलावाबिगर त्याले करमत नाई, बाई. मले त्याले जाऊ द्याचं नाई."

"पुढच्या रविवारी घरी घेऊन या," मी म्हटलं. "नाणं साफ असेल तर डोंगाच काय, जाळंही येईल."

मग रोहू घेतला. तिनं राख चोळून खवले काढून दिले. मी घरी पोचायच्या आत व्यापाऱ्याला फोन लावला. "साफ आहे?" त्यानं विचारलं. "एकदम साफ," मी म्हटलं. नाणं हातात न घेता, नुसत्या फोटोवर! दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

रविवारी व्यापारी अकराला येणार होता. ती दहालाच आली. चपला दाराबाहेर काढल्या, पदराची गाठ सोडली, फडकं उलगडलं.

रुपया लखलखत होता. नव्या स्टीलच्या वाटीसारखा.

"काय केलंत हे?" मी ओरडलेच.

"राख अन् चिंच," ती हसून म्हणाली. "आठ दिवस घासून राह्यली. तुमीच तं म्हन्लं साफ पाह्यजे म्हून. पोरीले पाहाले पाव्हणे येते तं तिले तशीच पारोशी बसवते का कोनी?"

"अहो, अक्कल गहाण टाकली होती का? काळाच हवा होता तो! काळा!"

तिचं हसू गेलं. "काऊन, बाई? खराब झाला का?"

मी नाणं हातात घेतलं. भिंग डोळ्याला लावलं. राजाच्या छातीवर एक चिमुकला हत्ती असतो. रुपया झिजायला लागला की आधी तो पुसट होतो. हा हत्ती अख्खा होता, सोंडेसकट. दाढीचा केस न् केस होता. आम्ही नाणेवाले याला साफ म्हणतो. न झिजलेलं, नक्षी स्पष्ट असलेलं. मी नाणं उजेडात तिरकं केलं. राजाच्या गालावर, कपाळावर, मागच्या अक्षरांवर बारीक रेघाच रेघा. राखेच्या रेघा.

"डोंगा होईन ना?" तिनं विचारलं.

कपाटात गंधकाची पुडी होती. घासलेलं नाणं पुन्हा काळं करायची लबाडी लोक गंधकानं करतात. ती ओळखता यावी म्हणून मीच एकदा करून पाहिली होती. माझा शब्द असला की व्यापारी भिंग लावत नाही. घड्याळात पाहिलं. साडेदहा. मी पुडी काढली. हो, काढली.

"ह्यानं काय होते?"

तेवढ्यात बेल वाजली. व्यापारी लवकर आला होता. मी पुडी कपाटात टाकली. अजून अर्धा तास मिळाला असता तर मी काय केलं असतं, ते मला विचारू नका.

त्यानं नाणं पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, तुम्ही तर साफ म्हटलं होतं."

"साफच आहे. पण घासलंय. आणि ते माझ्या बोलण्यामुळं."

माणूस वाईट नव्हता. "आता चांदीच्या भावात जाईल हे," म्हणाला आणि आकडा सांगितला. तिनं तो ऐकला. मनाशी काहीतरी जुळवलं.

"इतक्यात तं पत्राई नाई येत," ती म्हणाली. "मंग नोको. घरच्या लेकरांले राहू द्या." तिनं रुपया फडक्यात बांधला. मी चहा घेता का म्हटलं, तर "बस निंगून जाईन" म्हणाली. चपला घालून ती निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी तिचा नवरा गेला. दोन रविवार तिची जागा रिकामी होती. तिसऱ्या रविवारी ती दिसली. पुढ्यात थर्माकोलचा डबा, त्यात बर्फातले मासे.

"तलावातले नाहीत?"

"कोन धरते आता?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाहेरून आलेल्या गाडीवरून घेतलेला एक रोहू तिनं तोलला, सवयीनं राखेत हात घातला आणि विचारलं, "साफ करून देऊ ना, बाई?"

कित्येक वर्षं दर रविवारी मीच तिला म्हणत आले होते, "साफ करून द्या." त्या रविवारीही, रुपयाचं बोलून झाल्याबरोबर, हेच म्हटलं होतं. तिनं ऐकलं माझंच.

"नको," मी म्हटलं. "तसाच द्या."