माडाच्या शेंड्याखालून

आकाशाचा एवढा तिटकारा असलेला वैमानिक पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो देवबागेत आमच्या शेजारच्या काकींच्या पोटी जन्मला. "वर कोणय उडतलो रे," तो मला म्हणायचा, "थंय आपटूक काय आसा? उडूचा तर खाली!" देशावरच्या कापसावर औषध फवारणारं एकमाणशी विमान तो चालवायचा. बोंडांपासून दोन हात वर. सुट्टीत घरी आला तरी खालीच. होडीतून खाडी ओलांडताना तळवा पाण्यावर एक बोट उंच धरायचा. लाट आली की वर, गेली की खाली, आणि पलीकडे उतरून सगळ्यांना कोरडा तळवा दाखवायचा. त्या वेळी कोणी बोललेलं खपायचं नाही. मला नकला करायची खोड. एकदा मी इंजिन बंद पडल्याचा आवाज काढला, तर त्याने दुसऱ्या हाताने मला खाडीत ढकललं आणि तळवा कोरडाच ठेवला! लग्नाच्या पंगतीत तो पापडाचं विमान सोलकढीच्या वाट्यांवरून न्यायचा. नवऱ्याच्या मामाच्या धोतरावर एकच अपघात झाला, तोही मामा हलले म्हणून.

एकदा त्याला विमान बेळगावात पोचवायचं होतं. त्याने काकींना पत्र टाकलं, 'वाट वाकडी करून येतंय. परड्यात तांबडा लुगडा बांध, म्हणजे घर वळखतलंय.' पत्र मी वाचून दाखवलं, आणि तिथेच चुकलं. कारण काकींनी ते विहिरीवर सांगितलं, आणि त्या दिवशी सगळ्या वाडीने तांबडी लुगडी बांधली. आपल्या घरावरून विमान जावं असं कोणाला वाटणार नाही? बिचारा समुद्रावरून आला तो खाली नुसता तांबडाच तांबडा. घर शोधत तो खाली आला, आणखी खाली आला, आणि काकींच्या परड्यासमोरच्या दोन माडांमधून वाळूलगत असा गेला की झावळ्या वाजल्या, कोंबड्या मांगरात घुसल्या आणि वाळत घातलेले बांगडे उडाले. आम्ही टाळ्या वाजवायच्याही विसरलो.

खाडीपलीकडच्या कोणा पोटदुख्याने कंपनीला पत्र लिहिलं. चौकशीला साहेब येणार असं कळलं. खालून उडाल्याचं ठरलं तर आमच्या वैमानिकाचं विमान जाणार होतं. मग मी तालीम घेतली. डोक्यावर टोपली घालून मी साहेब झालो आणि घरोघर विचारत सुटलो, "विमान किती उंच होतं?" सगळ्यांनी म्हणायचं, "घारीएवढा दिसला." काकींकडून तर तीनदा म्हणवून घेतलं.

साहेब आला. सगळी वाडी पाठ म्हणाली. शेवटी काकी म्हणाल्या, "घारीएवढा दिसला." साहेबाने वही मिटली आणि हळूच म्हणाला, "म्हणजे आईला भेटायला आला, आणि खाली यायला घाबरला?"

"घाबारलो? माझो झील?" काकी उभ्या राहिल्या. "ओ सायबानु, ह्या माडाच्या शेंड्याखालसून गेलो तो! माका बघून हसलो. तेचे दात मोजलंय मी!"

मी टोपलीत तोंड लपवलं. साहेब मात्र खाली वाळूत गेला, त्या दोन माडांमधून वर बघत बराच वेळ उभा राहिला, आणि त्याने टोपी काढली. मग वहीत लिहायचं ते लिहिलंच.

आमच्या वैमानिकाला विमानांच्या टाक्या भरायच्या कामाला लावलं. चतुर्थीला घरी आला तेव्हा काकी रडायला लागल्या, "माझ्याच तोंडान घात केल्यान रे."

"ता ऱ्हवांदे," तो म्हणाला. "मी तुका खरोच दिसलंय?"

"दिसलंस तर! हसत होतंस."

"परत सांग गो."

काकींनी परत सांगितलं. मग तो दरवर्षी विचारायचा आणि त्या दरवर्षी सांगायच्या. देवबागेत पाहुणा आला की आम्हीही त्याला ते दोन माड दाखवतो आणि त्याची मान वर झाली की आमची छाती फुगते.

पण त्याच चतुर्थीला होडीत, पाण्यावर तळवा धरलेला असतानाच, तो मला म्हणाला, "हसाक खंय वेळ रे? दात आवळून धरलेले. डोळो लवलो असतो तर माड अंगात. आवस माका दिसलीच नाय. नुसता तांबडा दिसला." आणि थोड्या वेळाने, "तिका सांगा नको हां."

पलीकडे उतरल्यावर त्याने तळवा दाखवला नाही. मीही बघायला मागितला नाही.