मिरी आणि छर्रे

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने स्वतः मारलेली रानटी टर्की आणून दिली आणि ‘छर्रे असतील, जपून खा,’ एवढं सांगून तो गेला. बंदुकीचे हे छर्रे पोलादाचे असतात, दाताखाली आले तर दातच जातो. मी ओट्याशी उभा राहून सगळं मांस बोटांनी चाचपलं. छर्रा शिरतो तिथे एखादं पीसही आत ओढलं जातं. ते दिसलं की चिरायचं आणि चिमट्याने छर्रा काढून वाटीत टाकायचा. सगळे निघाले, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

तिने नेहमीसारखा खडा मसाला घालून रस्सा केला. म्हणजे त्यात अख्खी काळी मिरी आलीच. आमची मुलगी जेवताना प्रत्येक काळा दाणा वेचून ताटाच्या कडेला ठेवू लागली.

‘अगं, मिरी आहे ती,’ बायको म्हणाली.

‘हाऊ डू यू नो?’ मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

बायको चिडली. तिने त्या ढिगातला एक दाणा उचलला, तोंडात टाकला आणि चावला. कट्ट असा आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला. क्षणभर तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

‘मिरीच आहे,’ ती एका हाताने गाल धरून म्हणाली आणि वर घोटभर पाणी प्यायली.

‘सांगितलं ना, सगळे काढलेत,’ मी म्हणालो.