त्वचेच्या रंगाची ट्यूब

आमच्या ताईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. कापड हातात आलं की ती आधी दुकानाच्या दारात जायची. दोऱ्याचं रीळ कापडावर टेकवून मान तिरकी करायची, आणि मनासारखं जमेपर्यंत रिळं बदलत राहायची. "ट्यूबलाइट खोटं बोलते," असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकं ताटकळायची, माझं डोकं फिरायचं, पण तिच्या कपड्यात दोरा कुठे आहे ते कुणी शोधून दाखवावं, असं मी चारचौघांत छातीठोक सांगायचे. आजही सांगते.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने मशीन सोडलं. आता जरा बसेल, असं मला वाटलं. तर म्हणाली, "मी ऑइल पेंटिंगचा क्लास लावतेय."

"या वयात? कशाला?"

"आईला रंगात काढायचंय."

आई गेली तेव्हा मी तान्ही होते. तिचा एकच फोटो आहे, तोही ब्लॅक अँड व्हाइट. वडील तिचा विषय काढायचे नाहीत, आणि आता तेही नाहीत. वडील लख्ख गोरे, ताई थेट त्यांच्यावर गेलेली. मी सावळी. त्यामुळे आई गेल्यानंतर शेजारी राहायला आलेल्या काकूंचं एक वाक्य माझ्या जन्माला चिकटलेलं: "ही कुणावर गेली कोण जाणे." मी हसून सोडून द्यायचे. म्हणजे दात आवळून हसायचे.

"आईचा चेहरा अजून आठवतो गं," ताई म्हणाली, "पण तिचा रंग निसटत चाललाय. आता माझ्याशिवाय तो पाहिलेलं कुणी उरलेलं नाही."

मी पायांत चपला सरकवल्या आणि तिला घेऊन रंगांच्या दुकानात गेले.

तिथे ट्यूबच्या रांगा पाहून बाईसाहेबांचे डोळे चमकले. तिला ती रिळंच वाटली. पानाला वेगळा हिरवा, गवताला वेगळा, मातीला एक, विटेला एक, असं तिने टोपली भरायला घेतलं. दुकानदार म्हणाला, "नव्याने शिकणाऱ्याला थोडेच रंग पुरतात, बाकीचे त्यांतून मिसळून होतात." ताईने त्याला उडवून लावलं. "दोन रिळं मिसळून तिसरं झालेलं मी तरी पाहिलं नाही." आणि सगळ्यांत वर तिने एक गुलाबट ट्यूब ठेवली. तिच्यावर चक्क छापलं होतं, त्वचेचा रंग.

त्या ट्यूबने तिने आईचा चेहरा रंगवला आणि सावलीला सरळ काळा लावला. मी बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही आई आहे की काजळी लागलेली बाहुली?" ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

क्लासचे सर मात्र शांत गृहस्थ. ती ट्यूब उचलून म्हणाले, "कुणाची त्वचा, ते यावर लिहिलेलं नाही." मग त्यांनी टेबलावर पांढरा, पिवळ्या मातीचा, विटकरी तपकिरी, लाल आणि गडद निळा एवढेच रंग ठेवले. बाकी पिशवीत. काळासुद्धा. सावली तपकिरी आणि निळ्यातून काढायची म्हणे. स्वस्त ट्यूबमध्ये रंग कमी आणि भरताड जास्त असतं, हेही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे खळ लावलेलं कापड," ताई म्हणाली. "धुतलं की चिंधी."

"तसंच. आणि पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ लावायचा, तेल वरच्या थरांत. उलटं केलंत तर पुढे तडे जातात."

"आधी कच्ची शिलाई, मग पक्की."

"अगदी," सर म्हणाले.

झालं, गाडी रुळावर आली. पण आमच्या घराची पार रया गेली. टर्पेंटाइनचा वास, दाराच्या कडीला निळं, माझ्या नव्या पडद्याला लाल. माझ्या जेवायच्या ताटात ती रंग कालवायची. मी तणतणायचे, ती कालवत राहायची. पण आईचा रंग काही हाती लागेना. "जवळ आलं, पण हे नव्हे," असं पुटपुटत ती कालवलेलं सगळं खरवडून टाकायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

एका सकाळी तिने रंग कालवायची पट्टीसारखी सुरी खाली ठेवली. "निसटलाच गं," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हातातलं काम अर्धं सोडलेली ताई मी कधी पाहिली नव्हती. मला ते बघवेना, आणि बघवलं नाही की मी भांडते. "पुरे झालं, आण ते ताट इकडे," म्हणत मी बाह्या वर सारल्या आणि खिडकीशी हात पुढे केला.

तिने माझं मनगट घट्ट पकडलं.

"थांब. दारात चल."

दारातल्या उजेडात तिने माझा हात कापडासारखा उलटसुलट केला. मग विटकरी घेतला, त्यात पिवळा, लालाचा ठिपका, निळ्याचं नुसतं बोट. सुरीच्या टोकाने एक थेंब माझ्या हातावर टेकवला. लाल जास्त. पुसला. पुन्हा कालवला. फिका. पुसला. मी हात तसाच पुढे धरला. शेवटी तिने एक थेंब लावून जरा पसरला, आणि तो कुठे संपतो आणि माझा हात कुठे सुरू होतो, ते मला सांगता येईना.

"हाच," ताई म्हणाली. "माझी वेणी घालताना तिचा हात असाच माझ्या डोळ्यांसमोर यायचा. तू रोज समोर असतेस ना, म्हणून दिसलं नाही."

"म्हणजे मी..."

"आईवर गेलीस. दुसऱ्या कुणावर जाणार होतीस?"

मी दारातच बसले आणि मनसोक्त रडले.

चित्र वाळायला पुष्कळ दिवस गेले. नाक जरा वाकडं झालंय, सर तसं म्हणतातही. असू दे. रंग माझ्या ताईने अचूक काढलाय. ते चित्र आता बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर लावलंय.

परवा काकू आल्या होत्या. चष्मा वरखाली करत त्यांनी चित्र न्याहाळलं आणि विचारलं, "ही कोण गं?"

मी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि माझा हात आईच्या गालाशेजारी धरला.