मेथी फोकताना सापडलेलं ब्रॉडकास्टिंग

मंडळी, शेतातून आत्ताच आलोय, हातपाय पण धुतले न्हाईत, पण हे आधी सांगतो.

आमची प्राची संगमनेरला ॲग्रीच्या पहिल्या वर्षाला हाय. सगळी पुस्तकं इंग्रजीत. सुट्टीला आल्यापासून एकच पालुपद, "पप्पा, मला न्हाई जमायचं, मी कॉलेज सोडते."

आज तिला मेथी फोकायला वाफ्यात नेलं. म्हणलं, "वारं पाठीवर घे, मनगट सैल सोड, बी सगळीकडं सारखं पडलं पाहिजे." दोन-चार मुठी फेकल्या अन् पोरगी थांबलीच.

"पप्पा, मी पाठ केलेलं ब्रॉडकास्टिंग ते हेच हाय."

मी म्हणलं, "ते तर रेडिओचं असतंय."

तिनं लगेच मोबाईलवर डिक्शनरी काढली. बी फोकायचा अर्थ आधीचा निघाला. रेडिओवाल्यांनी शब्द शेतातून उचललाय. लई भारी वाटलं राव.

उरलेला वाफा तिनं एकटीनं फोकला. आता आत पुस्तक घेऊन बसलीय अन् मधेच हाक मारतीय, "पप्पा, हे पण आपण करतो."

तुमच्या कामातला असा एखादा इंग्रजी शब्द असंल तर कळवा, तिला सांगतो. कॉलेज सोडायचं सकाळपासून नाव न्हाई काढलं.